सुबानच्या नावाचं थडगं

वाईकेवा, ९ जून १९९६

सुबान,

तुला राग येईल असं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. बघू किती ओळी जमतं ते.

दाएंग सालेहची होडी उद्या खोबरं भरून निघते. मलेशियात तावाऊच्या धक्क्यावर तुमच्या पामच्या मळ्याचा ट्रक येतो, त्याच्या ड्रायव्हरकडे हे देईन असं सालेह म्हणतो. तुमच्या मळ्यावर आपल्या गावचं दुसरं कोणी नाही हे एका अर्थी बरंच आहे. वाटेत पत्र फोडून वाचायला कोणी नाही.

इना बरी आहे, आईची काळजी करू नकोस. गुडघे दुखतात, पण तोंडाला विश्रांती नाही. आमा गेल्यापासून, जोडीदार उरला नाही म्हणून, तिला कोणीतरी ऐकणारं लागतं. माणूस नसेल तर कोंबड्यांना सांगत बसते. तुझं नाव दिवसातून दहा वेळा निघतं. माझं निघतं ते पाणी आण म्हणायला.

आता कामाचं. मोत्यांची शेती करणारी एक कंपनी आली आहे. त्यांना धक्का बांधायला किनाऱ्यालगत सपाट जागा हवी, आणि तशी जागा सबंध गावात एकच आहे, आपली. काजूची बाग, विहीर, घर, सगळं धरून. सुराबायाहून त्यांचा माणूस येतो, हारयोनोसाहेब. वाळूत बूट घालून चालतो आणि मग दगडावर बसून बूट झाडतो. कारवायू काका त्याच्या मागे मागे असतात. काका वाईट नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना वाटतं, धक्का झाला की रस्ता होईल, रस्ता झाला की वीज येईल आणि वीज आली की पोरं परत येतील. गावातले पुरुष निम्मे थडग्यांत आहेत आणि निम्मे मलेशियात. त्यातले निम्मे तरी परत आणता येतील असं काकांना वाटतं.

परवा हारयोनोने कागद काढले. मी विचारलं, "सहीशेजारी अंगठा कुठे उठवायचा?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही शेळीने प्रश्न विचारला.

"तुझा कशाला लागतोय? जमीन सुबानची."

"आणि राहतं कोण?"

"राहणं वेगळं, पोरी. लग्न करून गेली असतीस तर राहिली असतीस का इथे?"

हारयोनो माझा हात बघून म्हणाला, "बाई, तसाही तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत." खरं आहे ते. वीस-पंचवीस वर्षं तापल्या खापरावरून मक्याचे दाणे बोटांनी उचलून दगडाखाली चेपते आहे, रेषा राहतील कुठून.

पण लग्नाचं काकांनी काढायला नको होतं. माझ्या देजाचा हस्तिदंत मिळवून आणतो म्हणून जो गेला, तो चौदा वर्षं तुमच्याच मुलखात हस्तिदंत शोधतो आहे. दंत आल्याशिवाय मुलगी द्यायची नाही असं आमानेच सांगितलं होतं. आमाचं चुकलं असंही मी म्हणत नाही.

जागा गेली तर इना काकांकडे राहील. मला ते स्वयंपाकघरामागची पडवी देणार आहेत, जिथे मका वाळत घालतात. मी बेचाळीस वर्षांची आहे, सुबान. ती विहीर मी आणि आमाने खणली. काजूचं एकेक झाड मी लावलं, तू तेव्हा पतंग उडवत होतास. आमाला वरच्या जुन्या गावात न पुरता इथे अंगणात पुरलं असतं तर आज हा प्रश्नच नव्हता, थडग्याची जागा आपल्याकडे कोणी विकत नाही. पण तूच म्हणालास, आमा वाडवडिलांशेजारीच शोभेल.

मला एवढंच हवं आहे. एका कागदावर लिही, जमीन विकायची नाही, आणि खाली सही कर.

बारेक

वाईकेवा, २८ ऑगस्ट १९९६

सुबान,

तुझं पाकीट मिळालं. सालेहने माझ्याच हातात दिलं आणि पाणी पिऊन गेला. आत दोन कागद होते. एक पत्र आणि दुसऱ्यावर फक्त तुझी सही, वर सगळी जागा रिकामी, काकांनी हवं ते लिहावं म्हणून.

पत्र मला आता पाठ झालं आहे. "ताई, त्या दगडांत काय ठेवलंय? चांगला भाव येत असेल तर विकून मोकळे व्हा. माझी बायको इथली, पोरं इथलीच भाषा बोलतात. मी काही परत येत नाही. माझं काय ते सालेहबरोबर पाठव. तू काकांकडे राहा. इनाला सांभाळ."

बायको आहे, पोरं आहेत. किती आहेत, नावं काय, एका ओळीत लिहिलं असतंस तर शाई संपली नसती. आणि मी काकांकडे राहा. तुझ्या मळ्यावर मुकादम असंच सांगत असेल ना, तू त्या खोलीत राहा, तू या खोलीत. शिकलास चांगलं.

इना ओसरीवर बसली होती. म्हणाली, "वाच." मी कागद समोर धरला. ती मधेच म्हणाली, "ते सगळं राहू दे, येतो म्हणतो का?" मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, "काजू निघाले की येतो म्हणतो." ती काठी घेऊन उठली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगून आली. आता गावात जो भेटतो तो विचारतो, सुबान येतोय म्हणे.

सहीचा कागद मी खापराखालच्या जाळात घातला. हे तुला सांगायलाच हवं. राग आला तर येऊ दे.

काका आले. "पत्र आलं म्हणे. जमिनीचं काय लिहिलंय?"

"काही नाही लिहिलं."

"एवढं पत्र लिहिलं आणि जमिनीचं काही नाही?"

"येतोय ना तो. तोंडानेच विचारा."

मी मका चेपत राहिले. मला खोटं बोलायची सवय नाही, हात मात्र कामात असले की जमतं असं दिसतं.

तुला पुन्हा विचारते, शेवटचं. विकू नको एवढे दोन शब्द लिही. तुला इथलं काही नको आहे तर नको असू दे, पण मला राहू दे.

बारेक

ता. क. — सालेह आजच निघून गेला. तो आता मकास्सरला जाणार, पाऊस लागेपर्यंत इकडे येत नाही. दुसऱ्या कोणाकडे हे द्यायचं नाही. म्हणजे तुझं उत्तर येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

वाईकेवा, २० सप्टेंबर १९९६

सुबान,

आज तुला मरून अकरा दिवस झाले.

हे कसं लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते. तावाऊहून आपल्या हद्दीत, नुनुकानला येणारी एक बोट उलटली. कागदपत्रं नसलेले मजूर होते, म्हणून कोणाच्या नावांची यादी नाही, असं रेडिओवर सांगितलं. विहिरीवर बायका त्याचंच बोलत होत्या. तेवढ्यात काका आले, खुशीत होते. म्हणाले, "हारयोनो सोमवारी आपला माणूस तावाऊला पाठवतोय. सुबानला शोधेल, तिथेच सही घेईल. सुबान येईपर्यंत थांबायला नको."

मी पोहरा ओढत होते. मी म्हटलं, "कोणाला शोधणार? तो त्या बोटीत होता."

एवढंच बोलले. मला वाटलं, कोणी तरी म्हणेल, काय बोलतेस. पण गावाला ठाऊक होतं की तू यायला निघणार आहेस. इनानेच घरोघर सांगितलं होतं. काका तिथेच चिखलात खाली बसले. "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, सालेहच्या ओळखीच्या होडीवाल्याने. सालेह तर मकास्सरला, विचारणार कोणाला. बायकांनी हंडे टाकले आणि रडायला सुरुवात केली, आणि त्यांच्या रडण्यात मीही रडले. ते खोटं नव्हतं. तुझ्या पत्रापासून साठलं होतं.

समुद्राने नेलेल्या माणसाचं इथे काय करतात ते तू विसरला नसशील. देहाच्या जागी पुरायचा नारळ काकांनी निवडला. चार-पाच हातात घेऊन पाहिले, वजन बघत होते. म्हणाले, "लहानपणी गुटगुटीत होता तो." इनाने तुझा निळा सदरा काढून दिला, तू चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलास तेव्हाचा. मी नारळाला आंघोळ घातली, सदऱ्यात गुंडाळला आणि इनाच्या मांडीवर दिला. ती दिवसभर तो घेऊन बसली होती. बोलली नाही. इना बोलली नाही, सुबान. कोंबड्या अंगणात येऊन तिच्याकडे बघत होत्या.

फादर डोंगरापलीकडून चालत आले. त्यांनी तुझ्या आत्म्यासाठी मिस्सा केली आणि मी पहिल्या बाकावर बसून आमेन म्हटलं. त्याचं काय व्हायचं ते माझं मी बघेन.

खड्डा कुठे घ्यायचा, काकांनी विचारलं. मी म्हटलं, अंगणातच, विहिरीकडच्या बाजूला. कोणी हरकत घेतली नाही. खड्डा भरताना मी मनात म्हणत होते की आता झालं, आता ही जागा कोणी विकत नाही.

इनाला खरं सांगायचं मनात होतं. पण तिला सांगितलं की कोंबड्यांना कळलं, कोंबड्यांना कळलं की गावाला. म्हणून थांबले. थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू.

हे पत्रही पाठवता येत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाचं पत्र कोण घेऊन जाणार? मक्याच्या रांजणात ठेवते, मागच्या पत्राशेजारी.

बारेक

वाईकेवा, २२ ऑक्टोबर १९९६

सुबान,

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. लोक जेवून गेल्यावर काका मागे थांबले. मला वाटलं भांडी उचलायला मदत करतात.

"बारेक, आता बोलायला हवं. दादाचं घर सुबानबरोबर संपलं. जमीन पोरींकडे जात नाही, ती आता माझ्याकडे आली. मी हारयोनोला हो म्हणणार आहे."

मी अंगणाकडे बोट केलं. "आणि ते?"

काका हळूच बोलले, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं. "त्यात हाडं नाहीत गं. हाडं असती तर मी कागदाला हातही लावला नसता. नारळ हलवता येतो. एक डुक्कर कापू, चार शब्द बोलू आणि वर नेऊन दादाच्या शेजारी ठेवू. सुबानलाही बरं वाटेल."

हे मला सुचलं कसं नाही? गावात जन्मले, गावात वाढले, वेड्यासारखी फक्त थडग्याकडे बघत राहिले. तू जिवंत होतास तोवर सही तुझी लागत होती आणि तू समुद्रापलीकडे होतास. मी तुला पुरलं आणि जमीन उचलून काकांच्या हातात दिली. तुझी पोरं आहेत, वंश संपलेला नाही, हे गावात मला एकटीला ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर कुठून कळलं तेही सांगावं लागेल.

एकीला मात्र सांगून पाहिलं. इनाचं सांगते.

ती जेवत नाही. सकाळी चटई घेऊन तुझ्या थडग्याजवळ बसते आणि उन्हं कलली की मी उचलून आत आणते. आता ती सगळं त्या मातीला सांगते. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या घराला पत्रा लागला. पेज दिली तर दोन घोट घेते आणि वाडगा तिथेच ठेवते, तुझ्यासाठी. गेल्या आठवड्यात मी तिला उचलली तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांएवढी हलकी लागली. मग मी तिथेच चटईवर बसले आणि सांगून टाकलं.

"इना, सुबान मेलेला नाही. मी खोटं बोलले."

तिने माझ्या गालाला हात लावला. "तू चांगली पोरगी आहेस. मी जेवावं म्हणून म्हणतेस."

"शपथ घेते, इना."

"नको घेऊस. फादरांना सांगावं लागेल."

मी रांजणातून तुझं पत्र आणलं आणि तिला खरं खरं वाचून दाखवलं. विका, परत येत नाही, बायको, पोरं, सगळं. तिने नीट ऐकलं.

"त्या दिवशी तर काजू निघाले की येतो असं लिहिलं होतं."

"ते मी माझ्या मनचं सांगितलं होतं."

"बघ. खोटं बोलायलासुद्धा तुला नीट येत नाही. माझा सुबान म्हणेल का, विका?" आणि थडग्यावरची पानं वेचायला लागली.

मग मी काय करायचं ते सांग. काकांकडे जाऊन सगळं कबूल करायचं? तर ते तुला शोधून सही आणतील आणि तू आनंदाने देशील. गप्प बसायचं? तर ते स्वतःच विकतील. दोन्हीकडून मी पडवीतच जाते. पण कबूल केलं तर काकांच्या तोंडून ऐकून इना विश्वास ठेवेल. हे मला कळतं. मी रोज म्हणते, उद्या जाते काकांकडे.

अजून गेलेले नाही.

बारेक

वाईकेवा, ३ डिसेंबर १९९६

सुबान,

इना गेली. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला, रविवारी, चर्चची घंटा झाल्यावर. तिला काही त्रास झाला नाही असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत.

आदल्या दिवशी तिने काकांना बोलावून घेतलं होतं. काका उशाशी बसले, मी पायाशी. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मला वर नेऊ नका, कारवायू."

"वहिनी, दादा वर आहे. तुमची जागा त्याच्या शेजारी ठेवलेली आहे."

"त्याच्याजवळ त्याचे आई-बाप आहेत. पोरगा एकटा आहे. मला पोराशेजारी ठेवा. आणि मग आम्हाला हलवू नका."

काका रडायला लागले. साठीचा माणूस, नाक पुसायचंही भान नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलते का म्हणून. मी बोलायला हवं होतं. इना तेव्हा ऐकत होती, तिला समजत होतं. काकांसमोर मी एक वाक्य बोलले असते तर ती नारळाशेजारी जायला तयार झाली नसती, कदाचित तिने पेजही मागितली असती. मी तोंड उघडलं होतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी फादरांना सांगितलेलं नाही, तुला सांगते. मनात आलं, जमीन वाचली.

मी तोंड मिटलं. काका म्हणाले, "ठेवू, वहिनी."

मरणाऱ्याला दिलेला शब्द आहे, तो आता कोणी मोडणार नाही. सोमवारी तिला विहिरीकडच्या बाजूला पुरलं. पहिली माती काकांनी टाकली. हारयोनो टोपी काढून लांब उभा होता. सगळं झाल्यावर काका त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "आता इथे माणूस आहे." त्याने कागदांची पिशवी घेतली आणि बुधवारच्या होडीने गेला. समोरच्या बेटावर त्याला दुसरी जागा मिळते आहे म्हणतात. रस्ता, वीज, सगळं आता तिकडे होईल. काका मला एवढंच म्हणाले, "तू राहा इथे. तू असेपर्यंत कोणी काही म्हणणार नाही."

तर मी राहते आहे. घर माझं आहे, विहीर माझी आहे. या वर्षीचे काजू कोणी वेचलेच नाहीत, झाडाखाली पडून कुजले आणि पावसाबरोबर वास घरात येतो. गावातल्या बायका जेवण आणून देतात, म्हणतात, बिचारी, दोघंही गेली. मी ते जेवते. कोंबड्या ओसरीवर चढून बसतात आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नाही.

कधी तरी मलेशियाहून कोणी येईल आणि म्हणेल, सुबान? त्याला तर मी परवा बाजारात पाहिला. होडी लागली की मी दार लावून घेते.

काल सालेह आला. त्याला इथलं काही ठाऊक नाही, तू कसा आहेस म्हणून मलाच विचारत होता. म्हणून रांजणातली सगळी पत्रं एकत्र बांधून त्याच्याबरोबर पाठवते आहे. क्रमाने वाच. माझ्या बाजूचं असं त्यात काही नाही.

आठवडाभर मी "येऊ नकोस" असं लिहायला बसते आणि उठते. तू येण्यात माझं भलं नाही. तू धक्क्यावर उतरलास की त्याच दिवशी गावाला कळेल की इना कशाने गेली. तरी ये. यायचं तर दिवसाढवळ्या ये, वस्तीतून सरळ चालत ये, सगळ्यांना दिसशील असा. काकांनी मला विचारलं, हा कोण, तर मी नाव सांगेन.

त्यानंतर जमीन तुझी. ठेव नाही तर विक, मी अडवणार नाही आणि पडवीत जाऊन राहीन. पण विकायची तर आधी इनाला तिथून हलवावं लागेल. ते फावडं तू धरायचं, सुबान. काकांना सांगायचं नाही, मजूर लावायचा नाही. तू स्वतः खणायचं.

बारेक